माहेरच्या रेघा

वर्ध्याच्या एका कॉलेजात जिन्याशेजारी एक लांबोडकी खोली आहे. दारावर पाटी भूगोल विभागाची, पण आत भूगोलाचा विद्यार्थी सापडेलच याची खात्री नाही. कधी प्राणिशास्त्राची मुलगी बसलेली असते, पावसाळ्यात साप कोणकोणत्या शिवारात चावले ते नकाशावर टिपत. कधी अर्थशास्त्राचे सर येतात, कापसाच्या गाड्या कोणत्या रस्त्याने जिनिंगला जातात ते बघायला. एकदा नाट्यशास्त्राचा एक मुलगा आला, त्याला दंडार या लोकनाट्याची मंडळं कुठल्या कुठल्या गावांत उरली आहेत ते हवं होतं. ही जीआयएसची खोली. भौगोलिक माहिती प्रणाली हे भारदस्त नाव परीक्षेत सगळे बिनचूक लिहितात, पण ते म्हणजे नेमकं काय असं विचारलं की सगळ्यांच्या माना शालूताईंकडे वळतात.

शालूताई चष्मा कपाळावर सरकवून सांगतात, "जे झालं ते कुठी झालं, एवढंच विचारायचं. बाकी सगळी रंगरंगोटी."

शालूताई या खोलीच्या प्रमुख नाहीत, कागदोपत्री त्या प्रयोगशाळा सहायक आहेत. प्रमुख बदलत राहिले, शालूताई राहिल्या. नवे प्राध्यापक आले की पहिले चार दिवस त्यांना हुकूम सोडतात आणि पाचव्या दिवसापासून "शालूताई, हे जरा उघडत नाही हो" म्हणत दारात उभे राहतात. शालूताई दोघांनाही चहा पाजतात, हुकूम सोडणाऱ्यालाही आणि दारात उभा राहणाऱ्यालाही.

यंदा मात्र त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकुलती एक मुलगी स्वीटी पुण्याला, तिला सातवा लागलेला. पहिलं बाळंतपण. ते माहेरी व्हायचं, ही आपल्याकडची रीत, त्यात विचारायचं काय असतं? पण शालूताईंना विचारावं लागत होतं. फोन केला की स्वीटी म्हणायची, "पाहू नं आई." पुण्यात डॉक्टर घराजवळ होती, जावई अंकित आणि त्याची आई दोघंही हौशी होते, सगळी सोय होती. वर्ध्याला लागूनच असलेल्या नालवाडीच्या आपल्या घरातली मागची खोली शालूताईंनी चुना मारून घेतली, जुनी कपाटं हलवली, खिडकीला जाळी बसवली. नवरा दुर्गेशराव म्हणाले, अगं, पोरीने अजून हो म्हटलं नाही. त्यावर शालूताईंनी त्यांना जाळीचे खिळे आणायला बाजारात पाठवून दिलं.

लेक येते की नाही, एवढी एकच गोष्ट त्यांच्या जिवाला लागून राहिली होती. बाकी सगळं खोलीत चालायचं तसं चालत होतं.

शालूताई मूळच्या आंजी (मोठी)च्या. वडील चंद्रभान भाजीपाला लावायचे. वांगी, भेंडी, सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, पालक, हिवाळ्यात कोबी. आई जिजाबाई पहाटे भाज्यांच्या जुड्या बांधायची आणि शालू त्या मोजून टोपल्यात रचायची. अक्षर आणि चित्र चांगलं, म्हणून गुरुजींनी भूगोलाला घाल म्हटलं, वडिलांनी घातलं. बी.ए. झाल्यावर याच कॉलेजात नकाशे काढायच्या कामाला लागल्या. तेव्हा या खोलीत एकही यंत्र नव्हतं. एक मोठं काचेचं टेबल होतं, काचेखाली बल्ब, काचेवर मूळ नकाशा आणि त्यावर ट्रेसिंग पेपर. नदी निळ्या शाईने, रस्ते लाल, जंगल हिरवं. रेघ चुकली तर ब्लेडने खरवडायची, तेही अशा हलक्या हाताने की कागदाला कळू नये.

मे महिन्यात त्या टेबलाशी बसणं म्हणजे शिक्षा. वर वर्ध्याचं ऊन, खाली बल्ब. कूलर लावला तर कागद उडायचे, म्हणून कूलर बंद. घामाचा थेंब पडला की नदीचं तळं व्हायचं. सगळ्या मुली मनगटाला रुमाल बांधून बसायच्या आणि कोणाच्या नदीचं तळं झालं की बाकीच्या हसून हसून बेजार. शालूताईंना ते दिवस आठवले की अजून हसू येतं, आणि हसता हसता मन भरून येतं. त्यातली एक मुलगी आता अमरावतीला असते, एक गेली, बाकीच्यांचा पत्ता नाही.

मग संगणक आला. खोलीत आधी फरशी बदलली, मग वातानुकूलन आलं. माणसांसाठी कोणी कूलर लावू दिला नव्हता, यंत्रासाठी भिंत फोडली. शालूताई नागपूरला जाऊन शिकून आल्या. तिथल्या शिक्षकांनी मोठ्या कौतुकाने दाखवलं की या प्रणालीत नदीचा एक थर, रस्त्यांचा दुसरा, गावांचा तिसरा, आणि सगळे एकावर एक ठेवता येतात. शालूताईंच्या मनात आलं, अरे, आम्ही वेगळं काय करत होतो? ट्रेसिंग पेपरवर ट्रेसिंग पेपर. फरक इतकाच की आता घाम पडला तरी चालणार होतं.

पहिल्यांदा हातात धरायचं जीपीएस यंत्र मिळालं, तेव्हा त्या रविवारी ते घेऊन आंजीला गेल्या होत्या. वडील तेव्हा होते. त्यांच्या हातात यंत्र दिलं आणि वावराच्या धुऱ्याने, बांधाबांधाने एक चक्कर मारायला सांगितलं. म्हातारा यंत्र तळहातावर घेऊन असा चालला की जणू आरतीचं ताट. पुढच्या खेपेला शालूताईंनी त्या चकरेची आकृती छापून नेली. चंद्रभानजींनी कागद उलटसुलट करून पाहिला. हे माह्यं वावर? म्हणाले. मग बोट फिरवत विचारलं की तुह्या आईचे भेंडीचे वाफे यात कुठी आहेत. ते काही त्या आकृतीत नव्हते, आई जाऊनही बरीच वर्षं झाली होती. शालूताईंनी पेन्सिल घेतली आणि बाप सांगेल तिथे तिथे वाफे काढून दिले. तो कागद पुढे कुठे गेला कोण जाणे. पण बापाचं बोट कागदावरून फिरताना त्यांना दिसत राहतं.

तर यंदा या खोलीत सावंगी (मेघे)हून आचल येऊ लागली. ती डॉक्टर झालेली, पुढचं शिक्षण घेणारी, बोलण्यात चटपटीत. तिचा विषय नवजात बाळांच्या वजनाचा. तालुक्यात कोणत्या गावात बाळं हलकी जन्मतात आणि का, हे तिला शोधायचं होतं. गावोगावच्या नोंदींतून तिने बाळांचे पत्ते आणले होते. नकाशावर कसं मांडायचं ते तिला येत नव्हतं, ते शालूताईंनी मांडून दिलं. जिथे हलकी बाळं जास्त, ते गाव लाल.

नकाशा तयार झाला आणि सगळ्यांत लाल झाली आंजी.

आचल म्हणाली, असं कसं? गाव रस्त्यावरचं, आरोग्य केंद्र गावातच, भाजीपाला घरचा. शालूताईंच्या तर ते वर्मी लागलं. माहेरच्या गावाला असं कोणी लाल केलेलं कोणत्या बाईला खपेल? त्यांनी विहिरींचा थर टाकून पाहिला, दवाखान्यापासूनच्या अंतराचा टाकून पाहिला, जमिनीचा, मजुरीचा. काहीच जुळेना. आचलने मग पाण्यात काही दोष असावा असं लिहायला घेतलं. तिची मुदत जवळ आली होती आणि काहीतरी कारण लिहिणं भाग होतं.

शालूताईंनी तिचा हात थांबवला. "पडद्यावर पाहून काय होते? चाल, घरी जाऊन पाहू."

दोघी आर्वी रस्त्याने आंजीला गेल्या. पहिल्या घरात आजीबाई वाल सोलत बसल्या होत्या. बाळ कुठे आहे विचारलं, तर म्हणाल्या, ते तं देवळीले, त्याच्या घरी. सव्वा महिना झाला अन् जावई घेऊन गेला. दुसऱ्या घरातलं बाळ हिंगणघाटला गेलेलं. तिसऱ्या घरातलं यवतमाळला. गावात बाळांची नोंद भरपूर, आणि घरांत पाळण्याच्या दोऱ्या गुंडाळून ठेवलेल्या. चौथ्या घरात मात्र एक ओली बाळंतीण सापडली, डोक्याला फडकं बांधून शेकायला बसलेली. आचलने तिला विचारलं की दिवस गेल्यापासून ती कुठे होती.

"सासरी, पुलगावले," ती म्हणाली. "इथी तं मी सातवा संपल्यावर आली. पहिलं आहे नं."

दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. ही सगळी बाळं आंजीची नव्हतीच. लेकी बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या, बाळ इथे जन्मलं, इथे तोललं गेलं, इथला पत्ता लागला. पण आईने सात-आठ महिने खाल्लं होतं सासरी, पाणी प्यायलं होतं सासरचं, कामं उपसली होती सासरी. त्यातून पहिलंच मूल, आणि पहिलटकरणीची बाळं थोडी हलकी असतातच, हे आचलला पुस्तकातून ठाऊक होतं. मोठं गाव, जवळ दवाखाना, म्हणून आजूबाजूच्या खेड्यांतल्या लेकीसुद्धा इथे मावशीकडे, काकूकडे येऊन राहत. आंजीचा काही दोष नव्हता. आंजी सगळ्यांना सांभाळत होती, एवढंच.

परतीच्या वाटेवर आचल खुशीत होती, तिला आता खरा विषय मिळाला होता. शालूताई मात्र स्वतःवरच चिडल्या होत्या. हे आपल्याला सुचलं कसं नाही? परगावच्या पोरीला न कळणं वेगळं. आपण आंजीची लेक. सगळ्यांना सांगत फिरतो की कुठे झालं ते विचारा, आणि बाई बाळंतपणाला कुठे जाते हेच विसरलो. याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, पण गाडीत आचलपुढे सांगण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून नकाशा नव्याने मांडला. प्रत्येक बाळाला दोन गावं दिली, एक आईचं सासर, एक माहेर, आणि दोन्हींच्या मध्ये एक बारीक रेघ. लाल रंग पुसला गेला, म्हणजे विरघळून चारी दिशांना पांगला. उरल्या त्या रेघा. आंजीतून निघून देवळीला, पुलगावला, आर्वीला, हिंगणघाटला, नदीपलीकडे यवतमाळकडे, एक तर थेट सुरतेला. पडद्यावर ते उमटलं तेव्हा खोलीतले सगळे आपापलं काम सोडून उठून आले.

मराठी विभागाचा आदेश नावाचा विद्यार्थी गावोगावचे शब्द गोळा करत होता. एकाच गावात एकाच वस्तूला दोन नावं का निघतात हे कोडं त्याला महिनाभर सुटत नव्हतं, आपणच ऐकण्यात चुकलो असं तो समजून होता. रेघा पाहून तो म्हणाला, "अरे, शब्द तर सुनांबरोबर आले!" इतिहासाचा हर्षित जुन्या आठवडी बाजारांवर काम करत होता. त्याने आपला थर या रेघांवर टाकायला लावला. जुने बाजार जिथे जिथे भरायचे, तिकडे रेघा दाट निघाल्या. भाजी विकता विकता सोयरिकी जमल्या होत्या. मग प्राणिशास्त्राची मुलगीही साप घेऊन आली, पण सापांचं आणि सोयरिकींचं काही जुळलं नाही आणि सगळे खूप हसले.

वैद्यकाची एक, भाषेचा एक, इतिहासाचा एक, तिघांनी तीन प्रश्न आणले होते आणि तिघांना उत्तर एकाच नकाशाने दिलं. इतक्या वर्षांत असा दिवस या खोलीला फार थोड्या वेळा आला असेल. शालूताईंना वाटलं, ती मनगटाला रुमाल बांधणारी मंडळी आज हवी होती.

तेवढ्यात आचलने सहज विचारलं, "मॅडम, तुम्ही पण आंजीच्याच ना? यात तुमची रेघ कोणती?"

"माही नाई त्याच्यात," शालूताई म्हणाल्या आणि कप धुवायला बाहेर गेल्या.

नव्हतीच ती रेघ. स्वीटीच्या वेळी त्यांना दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात आई गेली. भाऊ किसनरावांचं लग्न नुकतं झालेलं, वहिनी गुलाब वयाने शालूताईंपेक्षा लहान, नवी सून, अजून डोक्यावरचा पदर सावरायला शिकत होती. तरी सातव्या महिन्यात ती किसनरावांना घेऊन एसटीने वर्ध्याला आली. साडीचोळी आणली, नारळ आणला आणि म्हणाली, बाई, चला घरी. शालूताई म्हणाल्या की आई नाही तर मी तिथे कोणासाठी येऊ. म्हणाल्या ते रागाने नाही, रडत. आईविना त्या घराचा उंबरठा ओलांडायची त्यांना भीती वाटत होती. गुलाब वहिनींनी साडीचोळी दिली, ओटी भरली आणि दुपारच्या गाडीने परत गेल्या. स्वीटी वर्ध्यातच झाली. पुढे राखी झाली, भाऊबीज झाली, वडील होते तोवर रविवार झाले, पण सगळं सकाळी जाऊन संध्याकाळी परत. माहेरी मुक्काम म्हणून शालूताई कधी राहिल्या नाहीत. स्वीटीच राहायची, उन्हाळ्याच्या उन्हाळे, मामीच्या पदराला धरून. आईला कॉलेजातली खोली सुटत नव्हती ना.

त्या संध्याकाळी शालूताईंनी रेघांच्या नकाशाचा फोटो स्वीटीला पाठवला. त्यात डाव होता, नाही असं नाही. लेकीने पाहावं आणि तिला ओढ लागावी. थोड्या वेळाने फोन आला. स्वीटी बराच वेळ नकाशाविषयीच विचारत राहिली, कोण कुठली, कोण कुठे गेली. मग म्हणाली, "आई, मी येतो."

शालूताईंचा जीव भांड्यात पडला. मागची खोली तयार आहे, जाळी बसवली, असं त्या सांगू लागल्या. स्वीटीने मध्येच थांबवलं.

"नालवाडीले नाई, आई. आंजीले येतो. मामीकडं."

 आई इकडे जिवंत बसली आहे आणि पोर मामीकडे जाते म्हणते. काऊन वं, असं त्यांच्या तोंडून निघालं. स्वीटीने काही लपवलं नाही. म्हणाली की मला माहेर म्हटलं की तेच घर आठवतं, तूच तर मला तिथे सोडायचीस, आता तिथेच करमेल. तिच्या बोलण्यात रुसवा नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. शालूताई बरं म्हणाल्या, फोन ठेवला आणि नव्या चुन्याच्या खोलीत जाऊन बसल्या. दुर्गेशराव दारात येऊन उभे राहिले, मग आत आले आणि शेजारी बसले.

दोन-तीन दिवस त्यांनी कोणाला चहाही विचारला नाही. खोलीत पोरं वचकून होती. मग त्यांनी ठरवलं की रागावून काय होणार, आधी वहिनीला विचारलं तर पाहिजे. वहिनीही आता पन्नाशीला टेकली, गुडघे दुखतात, भाजीचं काम आहे, घरात स्वतःच्या सुनेचा संसार. दुसऱ्याच्या लेकीचं बाळंतपण ती अंगावर का घेईल? तिने नाही म्हटलं तर वाईट वाटून घ्यायचं नाही, स्वीटीला आपण समजावू, असं मनाशी घोकत त्या एसटीत बसल्या. खरं तर तिने नाहीच म्हणावं असंही एक मन म्हणत होतं. तेवढ्याने लेक नालवाडीला आली असती.

गुलाब वहिनी ओसरीत सांबाराच्या जुड्या बांधत होत्या. शालूताई समोर बसल्या, सवयीने हात पुढे झाला आणि त्याही जुड्या बांधू लागल्या. गव्हाच्या काडाची ती गाठ बोटं विसरली नव्हती. स्वीटीचं कसं सांगावं याचा विचार चालला होता, तर वहिनींनीच विषय काढला. स्वीटीने आईआधी मामीलाच फोन केला होता. वहिनींनी तिला पहिल्यांदा खडसावलं होतं की आईला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

शालूताई म्हणाल्या की वहिनी, तुम्हाला झेपणार नाही, उगाच भीड धरू नका.

गुलाब वहिनींनी हातातली जुडी खाली ठेवली. "शालूबाई, तुमचं बाळंतपण माह्या हातून व्हायचं राह्यलं. मी तवा लहान होतो, मले बोलता नाई आलं. गाडीत रडत आलतो मी, का माह्यात काय कमी पडलं म्हणून. आता तुमची पोरगी येऊन राह्यली तं मले नाई म्हणू नका. अन् तुमीबी या. एकटी पोरगी नोको, दोघी या."

इतकी वर्षं शालूताईंना वाटत होतं की त्या दिवशी रडलो ते आपणच. त्या दुपारच्या गाडीत बसलेली ती वीस वर्षांची पोर त्यांना आज पहिल्यांदा दिसली. जुड्यांच्या ढिगापलीकडून त्यांनी वहिनींचे मातीने भरलेले हात धरले आणि तोंडावर पदर घेऊन मोकळ्या मनाने रडल्या. वहिनीही रडल्या. आतून सून डोकावली, दोघींना पाहून परत गेली आणि चहाचं आधण ठेवलं.

शालूताईंनी दुर्गेशरावांना फोन करून कळवलं की आज मी येत नाही, डब्यात पोळ्या आहेत, खाऊन घ्या. कॉलेजला रजेचा निरोप द्यायलाही त्यांनाच सांगितलं. जिजाबाई गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदाच शालूताईंचं अंथरूण पडणार होतं. वहिनींनी विचारलं, "कुठी झोपता, बाई? आत का ओसरीत?"

आपल्या घरात कुठे झोपायचं हे शालूताईंना सांगता येईना. तुम्ही म्हणाल तिथे, असं त्या म्हणाल्या आणि उरलेला सांबार पुढ्यात ओढून घेतला.